महिन्याचा किराणा : वाणी, डी-मार्ट, ॲप की ग्राहक पंचायत?

नवं बिऱ्हाड थाटलं की महिन्याचं सामान कुठून भरायचं, हे ठरवावं लागतं. चार पैसे वाचावेत आणि आपल्या भागातल्या माणसांच्या हातीही काही पडावं, असं दोन्ही वाटत असेल तर ही तुलना उपयोगी पडेल. डोंबिवलीत राहून मी चारही वाटांनी किराणा भरला आहे.

साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं यांच्या किमतीत वाणी डी-मार्टची बरोबरी करू शकत नाही, हे आधीच मान्य करते. २००२ साली पवईत सुरू झालेल्या या साखळीचं गणित सरळ आहे : घाऊक खरेदी, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते, आणि बहुतेक दुकानांच्या जागा स्वतःच्या. म्हणून सूट परवडते. पण रिक्षाचं जाणं-येणं आणि यादीत नसताना ट्रॉलीत पडलेलं सामान धरून हिशेब करा.

वाण्याकडे तोच साबण छापील किमतीला किंवा एखादा रुपया कमी. मात्र तो दहा रुपयांचं जिरं देतो, किडकी डाळ परत घेतो, आणि वहीत मांडून बिनव्याजी उधार देतो. रोजावर काम करणाऱ्या घराला महिनाअखेर तीच वही तारते. २०२० च्या टाळेबंदीत ॲपवर सामान पोचवायची वेळ मिळत नव्हती, तेव्हा आमच्या गल्लीत तांदूळ-पीठ पोचलं ते वाण्याच्या पोऱ्याच्या सायकलवरून. ते मी विसरलेले नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साबणाच्या वडीत वाण्याच्या वाट्याला थोडंच येतं, बाकीचे बहुतेक पैसे कंपनीकडे जातात, मग ती वडी कुठूनही घ्या. शिकागोच्या अँडरसनविल भागात २००४ साली झालेल्या अभ्यासात स्थानिक दुकानांत खर्चलेल्या १०० डॉलरपैकी ६८ आणि साखळी दुकानांतल्या १०० पैकी ४३ डॉलर त्या भागात राहिल्याचं दिसलं. ते आकडे तिथले, आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण प्रश्न तोच विचारायचा : या वस्तूतलं किती काम इथे झालं?

असं पाहिलं की गिरणी सगळ्यांत वर येते. गहू आणून दळून घेतले तर विजेचा खर्च सोडला तर दळणावळीचे पैसे गिरणीवाल्याचे. मग बचत गटाचे पापड, भाजणी, मेतकूट, मसाला. यात भाजणं, कुटणं, लाटणं, वाळवणं सगळं शेजारच्या बायकांच्या हातचं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल चांगलं, पण पिशवीतल्या तेलापेक्षा बरंच महाग. मी ते फोडणीपुरतं ठेवते, तळणाला नाही.

मुंबई ग्राहक पंचायतीची वाट वेगळी. १९७५ पासून शेजारपाजारची कुटुंबं संघ करून एकत्र मागणी नोंदवतात. सामान एका घरी येतं आणि सभासदच वाटप करतात. निवडक माल वाजवी भावात मिळतो, शेजार जुळतो. पण महिन्याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि वाटपाला हातभार लावावा लागतो. दोघंही रात्री उशिरा घरी येत असाल तर जमणार नाही.

झटपट सामान घरपोच देणारं ॲप रात्री अकराला बाळाचं दूध संपलं तर वापरा. सामान आणून देणारा मुलगा आपल्याच भागातला असतो, त्याची कमाई खरीच आहे. पण सगळा महिना त्यावर काढला तर सुट्या-सुट्या खरेदीवरचे घरपोच आणण्याचे पैसे साठत जातात.

हात आखडता असेल तर साबण-चहा दोन महिन्यांतून एकदा डी-मार्टमधून आणा, त्यात संकोच नको. डाळ-तांदूळ सुटे, पारखून वाण्याकडून. दळण गिरणीत, वाळवण बचत गटाकडून. वाण्याकडे खातं ठेवलंत तर पगार झाल्या दिवशी आधी तेच मिटवा, घाऊक व्यापाऱ्याचे पैसे त्यालाही भरायचे असतात.