मेनच्या आधीच कोसळणारे प्रोग्रॅम आणि जीडीबी: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोग्रॅम सुरू केला की ‘मेन’ या मुख्य फंक्शनपर्यंत पोहोचण्याआधीच मरतो. लॉग कोरा, प्रिंटएफची एक ओळ नाही. अशा क्रॅशसाठी गेले काही महिने मी लिनक्सवर जीडीबी (चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावू देणारा डीबगर) थेट मशीन इन्स्ट्रक्शनच्या पातळीवर वापरतोय. सी किंवा सी++ मध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात कामाची कमांड ‘स्टार्टआय’. ती २०१८ साली, जीडीबी ८.१ मध्ये आली. नेहमीची ‘स्टार्ट’ मेनवर थांबते, म्हणजे इथे निरुपयोगी. स्टार्टआय प्रोसेसच्या अगदी पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबते आणि डायनॅमिक लिंक केलेल्या प्रोग्रॅममध्ये ती आपल्या कोडमधली नसतेच, लोडरमधली (प्रोग्रॅमला त्याच्या लायब्ऱ्या जोडून देणाऱ्या भागातली) असते. मग लायब्ऱ्या, रिलोकेशन (पत्ते जुळवणं), ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर (ते तयार करणारी फंक्शन) आणि शेवटी मेन. ‘डिस्प्ले/आय $पीसी’ लावायचं, म्हणजे दर थांब्यावर पुढची इन्स्ट्रक्शन दिसते, आणि ‘एसआय’ने एकेक इन्स्ट्रक्शन पुढे जायचं. लोडरमधून मात्र एकेक पाऊल टाकत बसू नका, संध्याकाळ होईल. नेमक्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट लावून ‘कंटिन्यू’ करा.

एक बिल्ड नव्या मशीनवर चालायची, जुन्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडायची. ‘एक्स/आय $पीसी’ केलं तर समोर ‘व्हीपीब्रॉडकास्टबी’. ही एव्हीएक्स२ या इन्स्ट्रक्शन-संचातली. इंटेलने ती २०१३ च्या हॅसवेलपासून दिली, जुना प्रोसेसर त्याआधीचा. बॅकट्रेस (कोणी कोणाला कॉल केलं ती साखळी) एका स्टॅटिक लायब्ररीच्या कन्स्ट्रक्टरकडे गेला. ती ‘मार्च=नेटिव्ह’ने, म्हणजे बिल्ड करणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणाऱ्या पर्यायाने, कंपाइल झालेली होती. सोर्स वाचून हे कधीच दिसलं नसतं, कारण सोर्समध्ये चूक नव्हतीच.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. नेहमीचं स्टार्टअप वगळून कोणी ‘_स्टार्ट’ (प्रोग्रॅमचा मेनआधीचा प्रवेशबिंदू) साधं सी फंक्शन म्हणून लिहिलं, की प्रोग्रॅम मध्येच ‘मूव्हॅप्स’ या १६ बाइट हलवणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या वापराचा क्रॅश) देतो. सिग्नलमधला पत्ता ‘$_सिगइन्फो’ने पाहिला तर शून्य. साहजिकच सगळे नल पॉइंटर शोधत सुटतात. खरं कारण अलाइनमेंट. मूव्हॅप्सला १६ ने भाग जाणारा पत्ता लागतो. तो नसेल तर प्रोसेसर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतो आणि त्यात पत्ता नसल्यामुळे कर्नल शून्य कळवतो. ६४-बिट एबीआयनुसार (फंक्शन कॉलचे ठरलेले नियम) फंक्शनच्या तोंडाशी आरएसपी, म्हणजे स्टॅकचा पत्ता ठेवणारं रजिस्टर, १६ च्या पटीपेक्षा ८ ने सरकलेला असतो, कारण ‘कॉल’ने रिटर्न पत्ता ढकललेला असतो. पण ‘_स्टार्ट’ला कोणी कॉल करत नाही, कर्नल तिथे आरएसपी १६ च्या पटीतच देतो. कंपायलरचं गणित ८ बाइटने चुकतं. ‘पी $आरएसपी’ करून शेवटचा हेक्स अंक पाहिला की उलगडा होतो. ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) ‘_स्टार्ट’मध्ये आरएसपीला १६ च्या पटीत आणणारा उणे १६ चा ‘अँड’ का आहे, तेही मग कळतं.

तक्रारीही आहेत. डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) मुळात एटीअँडटी या लेखनशैलीत येते. इंटेल शैली मी पहिल्याच दिवशी लावून घेतली. उलटं चालण्यासाठी ‘रेकॉर्ड’ फार उपयोगी, पण माझ्या आवृत्तीत एव्हीएक्स इन्स्ट्रक्शन आली की ते हात टेकतं, आणि ग्लिबसी अशा इन्स्ट्रक्शन सर्रास वापरते.

आणखी एक: जीडीबी पत्त्यांचं रँडमायझेशन (दरवेळी मेमरीतले पत्ते बदलणं) आपणहून बंद करतो. बाहेर कधीमधी पडणारा प्रोग्रॅम आत दरवेळी सुरळीत चालत असेल, तर ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ करून पुन्हा पुन्हा चालवून पाहा.