भिंतीवरचे छत्तीस ठिपके

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी पणजोबांनी बांधलेला दगड-मातीचा वाडा आहे. अडीच फुटी भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, सैपाकघरात चूल आणि चुलीवर विटांचं धुराडं. आई तिथेच राहते, मी नोकरीमुळे सोलापुरात. गेल्या मे महिन्यात या वाड्याच्या दुरुस्तीत आमचे एक लाख बावीस हजार रुपये बुडाले. पैशाचं दुःख आहेच, पण भिंत आता पक्की झाली या भरवशावर आई तीन महिने त्याच भिंतीला लागून झोपत होती, हे आठवलं की अजून झोप उडते.

मागच्या भिंतीला पोट आलं होतं. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाया थोडाथोडा हलत राहतो. शेजारच्या गल्लीत काम चालू असलेला एक ठेकेदार स्वतःहून आला, भिंतीवर हात फिरवला आणि आईला म्हणाला, "मावशी, किल्लारी आठवतीय का?"

आईला आठवणार नाही तर काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिनं मला झोपेतून उचलून अंगणात आणलं होतं. आमच्याकडे फक्त भांडी पडली. तिकडे लातूर-उस्मानाबादकडे अशाच दगड-मातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली.

तो माणूस जे बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच आम्ही फसलो. जुनी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची, आणि मध्ये चिपांची-मातीची भर. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर धक्क्यात त्या एकमेकींपासून सुटतात आणि माळवदाचं सगळं ओझं खाली येतं. यावर उपाय असा की ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात हूक केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. किल्लारीनंतर पडता पडता वाचलेल्या घरांसाठी हीच पद्धत सांगितली गेली. मी रात्री मोबाइलवर वाचून खात्री केली. पद्धत बरोबर निघाली, म्हणून माणूसही बरोबर असं मी धरून चाललो.

छत्तीस भोकं, एका भोकाला दीड हजार, म्हणजे चोपन्न हजार. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरायचे सेहेचाळीस हजार. धुराड्याच्या आतल्या विटा बदलायचे बावीस हजार. कागदावर काही नाही. अर्धे पैसे रोख, अर्धे त्यानं दिलेल्या दुसऱ्याच माणसाच्या नंबरवर. "पावसाच्या आत उरकू" अशी घाई, रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. फोटोत भोक दिसायचं, सळई दिसायची. एकाही फोटोत भोकातून पलीकडचा उजेड दिसत नव्हता, हे मला आज कळतं. आईला दोन वेळा "धूळ लई उडतीय मावशी, तुमी पुढं बसा" म्हणून ओसरीवर बसवलं होतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी पुरणासाठी चूल पेटवली. पाच मिनिटांत सैपाकघर धुरानं भरलं. आईचे डोळे लाल, माझी बायको खोकून बेजार. लाकडं ओली असतील म्हणून लाकडं बदलली, तरी तेच. शेवटी चूल विझवून मी धुराड्यात खालून मोबाइलचा टॉर्च लावून हात वर घातला. हाताला गोणपाटासारखं काहीतरी लागलं. ओढलं तर सिमेंटची रिकामी पिशवी बोळा करून कोंबलेली, आणि तिच्यावर साचलेला विटांचा चुरा धबकन चुलीत पडला. वरून गिलावा करताना माल खाली पडू नये म्हणून पिशवी कोंबली आणि तशीच ठेवून गेले. आतली एकही वीट बदललेली नव्हती. जुन्या विटांच्या कडा काजळीनं काळ्याभोर, जशा होत्या तशाच. दार लावून कोणी त्या खोलीत झोपलं असतं तर कोंडलेल्या धुरानं जीव गेला असता.

त्या दिवशी भोकं बुजवल्याचे भिंतीवरचे ते छत्तीस गोल ठिपके मला वेगळे दिसायला लागले.

शेजारच्या गावचे एक वयस्कर गवंडी काका आले. त्यांनी हातोडी घेऊन एकेक ठिपका वाजवला. अखंड दगडाचा आवाज खणखणीत येतो, इथे सगळीकडे बद्द. मग एका ठिपक्यात पहार घातली. चार-पाच इंचांवर माल संपला आणि पहार भुसभुशीत मातीत शिरली. आतल्या बाजूचा ठिपका तर बाहेरच्याच्या समोरही नव्हता, वीतभर बाजूला होता. दोन्हीकडून वरवर उकरून, तोंडाशी सळईचा तुकडा खोचून माल थापलेला. दर्जांमध्ये चुना नव्हता, सिमेंट होतं, वरून पांढरा हात मारलेला. खिळ्यानं खरवडलं की करडं दिसायचं. "मातीच्या भिंतीचं तोंड सिमेंटनं दाबलं तर ओल निघायची कुठनं बाळा?" काका म्हणाले. आतल्या बाजूला गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढलेली होतीच.

ठेकेदाराचा फोन दोन दिवस लागला, मग बंद. पोलीस ठाण्यात विचारलं, करार आहे का, पावती आहे का. दोन्ही नव्हतं. आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. पैसे देऊन करून घेतलेलं घरदुरुस्तीचं कामही सेवेतच येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. माझ्याकडे पुरावा म्हणून ते फोटो, पैसे पाठवल्याचे मेसेज आणि ती पिशवी आहे.

ज्यांचे आईवडील अशा वाड्यात राहतात त्यांना हात जोडून सांगतो, जे काम पूर्ण झाल्यावर गिलाव्याखाली झाकलं जाणार आहे, त्याचे पैसे ते उघडं असतानाच मोजून द्या, आणि मोजायला स्वतः जा. एक दिवसाची रजा पडली तरी चालेल. भोकात काडी घाला, पलीकडून घरच्या माणसाला ती धरू द्या. धुराडं झालं की हिशेबाआधी खाली ओला पाला पेटवा आणि वर धूर निघतो का बघा. चुन्याचे पैसे घेणाऱ्याला चुना कुठे भिजवलाय ते विचारा, तो एका दिवसात तयार होत नाही. आणि माळवदावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायच्या आधी जुना काढायला लावा. आमच्या माळवदावर जवळजवळ दोन फूट माती निघाली. हे ओझं त्या ठेकेदारानं बघितलंसुद्धा नव्हतं.

सध्या भिंतीला बाहेरून लाकडाचे टेकू दिलेत आणि आई पुढच्या सोप्यात झोपते. हस्ताचा पाऊस पडून गेला, भिंत उभी आहे. दिवाळीनंतर गवंडी काका काम धरतील. एका दिवसात चारच भोकं, तीही एकमेकांपासून लांब, आणि पलीकडचा उजेड मी स्वतः बघितल्याशिवाय आत काँक्रीट पडणार नाही, ही अट त्यांनीच घातली आहे.