रेड लेकपुढच्या तळ्यावर आठवडाभर गरवायला: फ्लाय-इन केबिन घ्यावी का?

महामार्ग १०५ रेड लेकला येऊन संपतो. उत्तर-पश्चिम ऑन्टॅरिओतल्या या गावापुढच्या तळ्यांवर जायचं तर पाण्यावर उतरणारं विमानच लागतं. तळ्याकाठी एकेकट्या केबिन आठवड्याच्या बोलीवर भाड्याने मिळतात. टोरांटोहून गाडीने सुमारे दोन हजार किलोमीटर पडतात, त्यामुळे विनिपेगपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची गाडी हेच सोयीचं. मासा मिळेल का, ही काळजी सगळे करतात, पण तिची गरज सर्वांत कमी. वॉलआय आणि नॉर्दर्न पाइक दोन्ही भरपूर आहेत. आठवडा वसूल होतो की वाया जातो ते वजन, इंजिन आणि वारा यांवर ठरतं. केबिन भाड्याने देणाऱ्या लॉजवाल्याची पारखही तिथेच होते.

आधी वजन. विमान बहुधा डी हॅविलँड बीव्हर किंवा त्याहून मोठं ऑटर असतं. बहुतेक ठिकाणी माणशी ३५ ते ४५ किलो सामान नेता येतं. त्यात शिधा, रॉड, पांघरूण, बर्फाची पेटी, पेयं सगळं आलं, आणि धक्क्यावर काटा लावतात. कॅन आणि बाटल्यांनीच हे वजन खाल्लं जातं. तांदूळ, डाळ, रवा, कोरडा मसाला यांना जागा फार लागत नाही. रॉड दोन तुकड्यांचे घ्या, कडक पेट्यांऐवजी मऊ पिशव्या भरा. फ्लोट प्लेनच्या पोटात कडक पेटी नीट बसत नाही. तवा-पातेली केबिनमध्ये असतात, पण सुरी बहुधा बोथट मिळते. फिले, म्हणजे माशाचे काट्याविना तुकडे, काढायची लवचीक सुरी आपली न्या.

बुकिंग करताना बोटीबद्दल खोदून विचारा. १४ ते १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट आणि मागे ९.९ ते २० हॉर्सपॉवरचं इंजिन हा नेहमीचा जोड. दोन माणसांमागे एक बोट मिळायला हवी. तिघांना एकीत बसवणारा लॉजवाला टाळा. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर ट्रोलिंग करताना, म्हणजे बोट सावकाश चालवत मागे गळ ओढताना, स्पार्क प्लग काजळतो, म्हणून जादा प्लग आणि पाना केबिनमध्ये आहे ना, हे विमान परत फिरायच्या आत पाहून घ्या. जादा प्रोपेलरही हवा, कारण या तळ्यांत खडक पाण्याखाली वीतभर दडलेले असतात. इंजिन दहा मिनिटं चालून गुदमरल्यासारखं बंद पडलं, तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. त्यावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला की टाकीत पोकळी होते, नळीवरचा रबरी फुगा चपटा पडतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. स्क्रू सैल करून फुगा कडक होईपर्यंत दाबला की इंजिन पुन्हा लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे लोक वल्हवत परत येतात.

चांगला लॉजवाला आठवड्याच्या मध्यावर विमान पाठवतो: पेट्रोल, बर्फ, बिघडलेल्या इंजिनाला बदली. ही फेरी भाड्यात धरली आहे का, सॅटेलाइट फोन किंवा संदेशयंत्र केबिनमध्ये आहे का, पेट्रोलचे पैसे वेगळे आहेत का, दरात १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) आला का, हे लिहून घ्या. मोबाइलला तिथे रेंज नसते.

आता गरवणं. वॉलआयचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले आहेत, म्हणून पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस त्याचे. वाऱ्याने पाणी थोडं खवळलं की भर दुपारीही तो चरतो. वारा ज्या काठावर आदळतो तिथेच गळ टाका, आडोशाच्या शांत पाण्यात नाही. जूनच्या सुरुवातीला नदी तळ्यात शिरते तिथे दीड ते तीन मीटरवर, जुलैत खडकाळ टोकांपाशी तीन ते सहा मीटरवर तो सापडतो. उथळात साडेतीन ग्रॅमचा जिग (शिशासारखं वजन ओतलेला गळ), खोल पाण्यात किंवा वाऱ्यात सात ग्रॅमचा. दोरी सहा ते आठ पौंड ताण पेलणारी. जिग तळाला टेकू द्या, वीतभर उचला, पुन्हा सोडा. वॉलआय झटका देत नाही. जिग खाली जाताना ओली चिंधी अडकल्यासारखं जड लागतं, तेव्हाच ओढायचं. पाइकसाठी दोरीपुढे ३० सेंटीमीटर तारेचा लीडर (जोडतुकडा) हवाच, नाहीतर त्याचे दात दोरी साफ कापतात. गळ काढायला लांब नाकाची पक्कड लागते.

आमिष म्हणून जळवा उत्तम. त्या दक्षिण ऑन्टॅरिओतून किंवा अमेरिकेतून नेता येत नाहीत. रेड लेक भागातच विकत घ्या, पावती जपून ठेवा, रोज गार पाणी बदला. मासेमारीच्या परवान्यासाठी आधी ऑन्टॅरिओ सरकारचं आउटडोअर्स कार्ड लागतं. पूर्ण परवान्यावर बहुतेक तळ्यांवर चार वॉलआय ठेवता येतात, कॉन्झर्व्हेशन परवान्यावर दोन, आणि त्यांत ४६ सेंटीमीटरहून मोठा एकच. काही तळ्यांना वेगळे नियम असतात, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहा. ही मर्यादा रोजची असली तरी सात दिवसांचे अठ्ठावीस मासे घरी नेता येत नाहीत. जवळ साठवलेले मासेही त्याच चारात मोजतात. प्रवासात फिलेवर कातडीचा तुकडा ठेवावा लागतो, म्हणजे जात ओळखता येते.

स्वयंपाक आपला असलेला हाउसकीपिंग प्लॅनच घ्या. जेवणासकटचा अमेरिकन प्लॅन बराच महाग, आणि तिथे आपल्या तिखटाची सोय कोण करणार? वॉलआयचं मांस पांढरं, गोडसर आणि नाजूक. वाटपाच्या दाट कालवणात ते हरवतं. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परता. कालवणाला पाइक घ्या, तो मसाला पेलतो. मात्र पाठीकडचे वाय आकाराचे काटे आधी काढा. जुलैत मासे दोरीला बांधून कोमट पाण्यात ओढत नेले की मांस पिठूळ होतं. पकडल्यावर लगेच बर्फावर टाका. आतडी-डोकी केबिनपाशी पडली की अस्वल येतं, म्हणून लॉजवाला सांगेल तिथेच लांब टाका. तळ्याचं पाणी उकळूनच प्या.

मे अखेर ते जून दिवसा काळ्या माश्या चावतात, संध्याकाळी डास. डोक्यावरची जाळी त्या काळात रॉडइतकीच गरजेची. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणार असाल तर ऑगस्ट निवडा: मासे थोडे खोल जातात, पण माश्या जवळजवळ संपलेल्या असतात. नियमित औषधं आणि दोन दिवसांचा जादा शिधा वेगळा बांधून ठेवा. धुकं उतरलं किंवा वारा वाढला की विमान येत नाही आणि यात लॉजवाल्याचा दोष नसतो. विनिपेगहून परतीचं तिकीट निघायच्याच दिवसाचं काढू नका.