कोपऱ्यावर आडवा पत्रा की दुसरा पाइप?

नागपुरात एका सरीत २० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० चौरस मीटर छपरावरून १,००० लिटर पाणी येतं. छपराचे दोन उतार आतल्या कोपऱ्यात जुळतात तिथे ते वेगाने येतं आणि पन्हळीवरून सरळ उडी मारतं. बाकी पन्हळ अर्धीच भरत असेल, तर कोपऱ्यात बाहेरच्या काठाला काटकोनी पत्रा रिव्हेटने बसवा. स्वस्त आणि झटपट काम. पण पन्हळ सगळीकडूनच सांडत असेल, तर हा पत्रा निव्वळ शोभेचा! तेव्हा कोपऱ्याजवळ दुसरा उतरता पाइप हवा, शक्यतो ११० मिलिमीटरचा, आणि पन्हळीचा उतार त्याच्याकडे. खर्च जास्त, शिवाय पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडता येत नाही. कडुलिंबाचा पाला मात्र दोन्हींना पुरून उरतो. मृगाआधी शिडी लावून तो काढाच.