पचनसंस्थेची सुटी होणारी प्रतिकृती : शाळेसाठी कितपत उपयोगी?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी यंदा मानवी पचनसंस्थेची प्लॅस्टिकची प्रतिकृती घेतली आणि सातवी ते दहावीच्या वर्गांत ती वापरून पाहिल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा सगळा अन्नमार्ग तीत आहे. यकृत, जठर आणि मोठ्या आतड्याचा आडवा भाग काढून हातात घेता येतो.

तिची खरी किंमत जठर बाजूला केल्यावर कळते. भिंतीवरच्या तक्त्यात सगळे अवयव एकाच पातळीवर काढलेले असल्यामुळे स्वादुपिंड जठराच्या खाली असते असा मुलांचा समज होतो. येथे जठर उचलताच त्याच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड आणि त्याच्या रुंद टोकाभोवती वळसा घातलेले आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण २५ सेंटिमीटरचा भाग, समोर येतो. यकृत उलटे धरले की पित्ताशय दिसते, आणि तेथून उतरणारी हिरवी पित्तनलिका स्वादुपिंडाच्या नलिकेला मिळून आद्यांत्रात कशी उघडते, हे बोट ठेवून दाखवता येते. पित्ताशयातला खडा घसरून या सामाईक तोंडाशी अडकला, तर कावीळ होऊ शकते आणि स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते, हे दहावीच्या मुलांना तेथेच उमगले. जठराच्या आतल्या वळ्या आणि आद्यांत्राकडे जाणाऱ्या तोंडाशी असलेला जाड स्नायूही नीट कोरलेला आहे.

लहान आतड्याच्या बाबतीत मात्र निराशा होते. ते एकसंध गोळा म्हणून ओतलेले असल्यामुळे त्याची सुमारे ६ मीटर लांबी जाणवतच नाही. त्यासाठी आम्ही तेवढी सुतळी मोजून वर्गात पसरली आणि शेजारी मोठ्या आतड्यासाठी दीड मीटरची ठेवली. त्याहून मोठी उणीव अशी, की पचलेले अन्न रक्तात शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्यात, आतल्या अस्तरावरच्या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे शोषणाचे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते म्हणून. आणि नेमका हा भाग येथे गुळगुळीत गुलाबी रंगाने उरकला आहे. आतड्याचा मोठा करून दाखवलेला एखादा छेद सोबत दिला असता, तर शोषणाचा पाठ याच प्रतिकृतीवर पूर्ण झाला असता.

जठर बसवायची खुंटी थोड्या वापरानंतर सैल झाली. सोबतची पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, त्यामुळे क्रमांकांप्रमाणे मराठी नावांची यादी आम्हीच करून चिकटवली.

एवढे असूनही सातवीच्या पुढच्या वर्गांसाठी मी ही प्रतिकृती घ्या असेच सांगेन. मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून जठर काढलेल्या अवस्थेतले छायाचित्र मागवावे. स्वादुपिंड उठावदार नसून मागच्या पाटीवर नुसते रंगवलेले असेल, तर ती घेऊ नये.