सेन्सरीची नोकरी: कंपनीत की एजन्सीत?

फूड टेक्नॉलॉजी, रसायनशास्त्र, मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र, कुठूनही सेन्सरी सायन्सकडे (वस्तूची चव, वास, स्पर्श माणसांकडून मोजून घेण्याच्या शास्त्राकडे) वळलात तरी नोकरी शोधताना समोर बहुतेक दोनच दारं दिसतात. एक म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा आर अँड डी (संशोधन आणि विकास) विभाग. दुसरं म्हणजे अशा कंपन्यांना चव, वास, स्पर्श यांच्या चाचण्या करून देणारी एजन्सी. मी दोन्हीकडे काम केलं आहे. कुणी सल्ला विचारला की पगार आणि ब्रँडचं नाव जरा बाजूला ठेवून आधी एवढंच बघायला सांगते: चाचणीचा प्रश्न कोण ठरवतं, आणि उत्तर हाती आल्यावर त्याचं पुढे काय होतं? दोन्ही नोकऱ्यांमधले बाकीचे फरक बहुतेक इथूनच फुटतात.

त्याआधी एक गैरसमज दूर करते. "माझं नाक फार तीक्ष्ण आहे, म्हणून हे काम मला जमेल," असं म्हणणारे बरेच भेटतात. तीक्ष्ण नाक पॅनेलला, म्हणजे नमुने चाखून-हुंगून उत्तरं देणाऱ्या माणसांना लागतं, तुम्हाला नाही. नमुन्यात काय घातलंय हे ठाऊक असल्यामुळे तुम्ही तर आपल्याच चाचणीत बसायला अपात्र ठरता. तुमचं काम माणसं निवडणं, त्यांना तयार करणं, चाचणी आखणं, आकडे तपासणं आणि मीटिंगमध्ये त्या आकड्यांचा अर्थ नीट सांगणं. सायनसचा त्रास असलेला माणूसही हे उत्तम करू शकतो. संख्याशास्त्राचा कंटाळा असलेला मात्र दोन्हीकडे रडकुंडीला येईल.

पद्धती दोन्हीकडे त्याच. फरक ओळखण्याच्या चाचण्या, प्रशिक्षित पॅनेलकडून केलेलं वर्णन आणि ग्राहकांची आवड. आवड मोजायची नऊ पायऱ्यांची पट्टी अमेरिकन सैन्यासाठी चाललेल्या अन्नसंशोधनातून आली. पेरियम आणि पिलग्रिम यांनी १९५७ साली तिच्यावर लेख लिहिला, आणि आजही ती जवळपास तशीच वापरली जाते. म्हणजे पद्धती कुठे चांगल्या शिकायला मिळतील, एवढ्यावरून निवड होणार नाही.

कंपनीत: एकच वस्तू, वर्षानुवर्षं

कंपनीत तुमच्या वाट्याला चार-दोन उत्पादनं येतात आणि ती तुमच्याच मागे राहतात. त्यांची रेसिपी, कच्च्या मालाचे पुरवठादार, कारखान्यातली कुठली लाइन कधी बिघडते, सगळं हळूहळू तोंडपाठ होतं. बाहेरच्याला हे कंटाळवाणं वाटेल, आणि बराचसा वेळ ते असतंही. शेल्फ लाइफच्या (उत्पादन किती काळ चांगलं टिकतं याच्या) चाचण्यांमध्ये तोच नमुना शून्य, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा पुन्हा समोर येतो. ज्याला सतत नवं काहीतरी हवं असतं त्याने इथे विचार करून पाऊल टाकावं.

पण या नोकरीचा खरा कस लागतो तो खर्चकपातीच्या प्रकल्पांत. समजा, कोको घातलेल्या एका पेयासाठी कोकोचा पुरवठादार बदलायचा आहे. तुम्ही ट्रायंगल टेस्ट लावता. प्रत्येकासमोर तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. त्यांवर तीन आकडी रँडम कोड. कप मांडण्याचे सहा क्रम असतात, ते सगळे सारख्या वेळा यायला हवेत. नव्या कोकोने रंग किंचित गडद होत असेल तर बूथमध्ये (एकेकट्याने चाखायला बसायच्या खणात) लाल दिवे, म्हणजे डोळ्यांनी ओळखून कुणी उत्तर देणार नाही. पेयाचं तापमान सगळ्या कपांत एकच. तीस माणसं बसवलीत. नुसत्या अंदाजाने दहा जण बरोबर येतील. पाच टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे नुसत्या अंदाजाने असा निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त नको) "फरक आहे" म्हणायला किमान पंधरा हवेत. निकाल आला तेरा.

आता मीटिंग. खरेदी विभागाचा माणूस म्हणतो, "म्हणजे सारखंच आहे ना?" तुमची नोकरी या एका वाक्यापाशी सुरू होते. तेरा बरोबर याचा अर्थ "सारखं आहे" असा होत नाही, "फरक सिद्ध झाला नाही" एवढाच होतो. अंदाजाचा वाटा वजा केला तर या आकड्यातून साधारण १५ टक्के लोकांना फरक खरोखर कळला असावा असं निघतं. आणि तीसच माणसं असल्यामुळे अनिश्चितता इतकी मोठी की हा वाटा एक तृतीयांशाच्याही पुढे असू शकतो. सारखेपणा दाखवायचा असेल तर चाचणी सुरुवातीपासूनच त्यासाठी आखावी लागते. किती टक्के लोकांना फरक कळला तर चालेल हे आधी ठरवायचं आणि माणसंही बरीच जास्त घ्यायची. हे सगळं दोन मिनिटांत, कुणाचा अपमान न करता, बचतीचा आकडा आधीच वर कळवून बसलेल्या माणसाला सांगायचं असतं.

यात आणखी एक खोच आहे, आणि ती फक्त कंपनीतल्या माणसाला दिसते. पुढच्या वर्षी साखर कमी होते. त्यानंतर दूध पावडर बदलते, मग फ्लेवर. दर वेळी तुलना चालू उत्पादनाशी होते, मूळ उत्पादनाशी नाही. प्रत्येक बदल सुटा घेतला तर पास होतो. पण पाच बदलांनंतर हातातलं पेय मूळ पेयापासून कितीतरी दूर गेलेलं असतं, आणि "हल्ली पूर्वीसारखं लागत नाही" अशा तक्रारी येऊ लागतात. मूळ नमुना जपून ठेवावा म्हटलं तर तोही जुना होतोच. म्हणून मूळ रेसिपीने ताजा बॅच करून घ्यायचा, आणि पॅनेलने केलेलं मूळ उत्पादनाचं वर्णन जपून ठेवून दर बदल त्याच्याशी ताडून बघायचा. हा हट्ट धरणारा माणूस कंपनीत हवा. एजन्सीच्या हाती या साखळीतली एकच कडी येते. बाकीच्या कड्या आहेत हेसुद्धा तिला कुणी सांगत नाही.

कंपनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. पॅनेल बऱ्याचदा कर्मचाऱ्यांचंच असतं. त्यांना मीटिंग असतात, ते दांड्या मारतात, आणि कुठला प्रकल्प चालू आहे हे कॅन्टीनमध्ये ऐकून आलेले असतात. सेन्सरीचा विभाग बहुधा छोटा, दोन-चार माणसांचा. त्यामुळे काही वर्षांनी वर जायला जागाच उरत नाही, आणि माणसं कन्झ्युमर इनसाइट्स (ग्राहकांचा अभ्यास) किंवा उत्पादन विकासाकडे वळतात. आणि तुमचा विभाग मार्केटिंगच्या हाताखाली असेल तर अहवालाची भाषा मसुद्यागणिक मऊ होत जाते. आर अँड डीखाली असेल तर दबाव नसतो असं नाही, पण निदान समोरच्याला प्रमाणित विचलन म्हणजे काय हे माहीत असतं.

एजन्सीत: सोमवारी शांपू, गुरुवारी च्युइंग गम

एजन्सीत शिकण्याचा वेग जबरदस्त. शांपूचं मूल्यमापन टप्प्याटप्प्याने कसं करतात (हातावर घेताना, फेस येताना, धुताना, ओले केस विंचरताना, वाळल्यावर) हे कळतं न कळतं तोच च्युइंग गम येतं. तिथे प्रश्न वेळेचा. पहिल्या मिनिटाला फ्लेवर किती, दहाव्या मिनिटाला किती. त्यानंतर कपड्यांचं सॉफ्टनर, आणि मग तुम्ही टॉवेल मोजत बसता. कंपनीत एवढे प्रकार बघायला अर्धं आयुष्य जाईल.

शिवाय चांगल्या एजन्सीचं पॅनेल हे खरं पॅनेल असतं. बाहेरून निवडलेली, मानधन घेणारी आठ-बारा माणसं, आठवड्यातून ठरल्या दिवशी येणारी, महिनोन् महिने सराव झालेली. ते चालवणं हे या धंद्यातलं सगळ्यात चांगलं शिक्षण आहे असं माझं मत आहे. आकडे बघताना दिसतं की नमुना बदलला की बाकी सगळ्यांचा कडूपणाचा आकडा वर जातो आणि एकाच बाईंचा खाली. त्यांना वगळून सरासरी काढणं सोपं. पण आधी शोधायचं असतं की त्या कडू आणि आंबट यांत गल्लत करतात का. ही गल्लत फार सर्रास होते. मग कॅफिनचं पाणी आणि सायट्रिक अॅसिडचं पाणी शेजारी शेजारी देऊन पुन्हा सराव घ्यायचा, तोही बाकीच्यांसमोर त्यांना कमीपणा न वाटेल अशा बेताने. पॅनेल म्हणजे तुमचं उपकरण, पण या उपकरणाला रागही येतो. क्वांटिटेटिव्ह डिस्क्रिप्टिव्ह अॅनालिसिससारख्या (पॅनेलने एकेका गुणधर्माला आकडा द्यायच्या) पद्धतीत पॅनेल चालवणाऱ्या लीडरने स्वतः गुण द्यायचे नसतात, फक्त चर्चा चालवायची असते. बोलक्या माणसाला हे महाकठीण जातं.

आता अडचणी. पहिली म्हणजे प्रश्न आधीच ठरून आलेला असतो. "दोन नमुने, शंभर ग्राहक, शुक्रवारपर्यंत निकाल." हा प्रश्नच चुकीचा आहे, ग्राहकांना विचारण्याआधी पॅनेलकडून फरक नेमका कशात आहे हे काढायला हवं, असं तुम्हाला दिसत असतं. सांगून बघता. क्लायंट कधी ऐकतो, बहुतेकदा बजेट मंजूर झालेलं असतं. दुसरी अडचण मला स्वतःला जास्त खुपायची. निकालाचं पुढे काय झालं ते कळतच नाही. नमुने कोड नावांनी येतात, अहवाल जातो, आणि पुढच्या वर्षी दुकानात एखादी बाटली हातात घेऊन तुम्ही विचार करता, हाच होता का तो ३१७? गोपनीयतेच्या करारामुळे पुढच्या मुलाखतीत आपलं उत्तम काम दाखवताही येत नाही. ही तक्रार कंपनीतल्यांचीही असते म्हणा, पण त्यांच्याकडे निदान बाजारात आलेलं उत्पादन असतं.

वेळेचंही बघा. ग्राहक त्यांच्या कामावरून सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी येतात, त्यामुळे ग्राहक चाचण्यांच्या काळात तुमच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार गेले समजा. वर टाइमशीट. आणि बढती मिळाली की पॅनेल सुटतं, हाती क्लायंट आणि कोटेशन येतात. घरी ठरलेल्या वेळेला पोहोचणं ज्यांना भाग आहे त्यांच्यासाठी कंपनी सहसा सोयीची, यात वाद नाही.

फ्लेवर आणि सुगंध बनवणाऱ्या कंपन्या (जिवोदां, सिमराइझ वगैरे) या दोन्हींच्या अधेमधे बसतात. क्लायंटसाठीच काम, पण रेणू आणि मिश्रणं त्यांची स्वतःची. चव आणि सुगंध रचणारे फ्लेवरिस्ट किंवा परफ्युमर शेजारच्या खोलीत. वासात मन रमणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. बाकीच्यांना ते जग जरा अरुंद वाटू शकतं.

मी कुठे पाठवेन

नुकतीच पदवी घेतलेल्याला मी पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी एजन्सीकडे पाठवेन. अट एकच: तिथे स्वतःचं प्रशिक्षित पॅनेल हवं. नुसतं ग्राहक गोळा करून टॅबलेटवर प्रश्नावली भरून घेण्याचं काम असेल तर ते फील्डवर्क झालं, त्यातून सेन्सरी सायंटिस्ट तयार होत नाही. आणि चार-पाच वर्षांचा अनुभव असेल, किंवा एखाद्या वस्तूबद्दलच मनापासून कुतूहल असेल, तर कंपनी. तिथे तुमच्या "नाही"ला वजन यायला वेळ लागतो, पण एकदा आलं की एजन्सीतल्या कुठल्याही अहवालापेक्षा ते जास्त असतं.

मुलाखतीत उलट प्रश्न विचारायला लाजू नका. कंपनीत विचारा, "सेन्सरीच्या निकालामुळे तुमचं एखादं उत्पादन शेवटचं कधी थांबलं?" उदाहरण पटकन आलं तर उत्तम. सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर तुमचे अहवाल फाइलला लावण्यासाठी मागवले जाणार आहेत. एजन्सीत विचारा, "पद्धत बदला असं क्लायंटला कधी सांगितलंत, आणि त्याने ऐकलं का?" शिवाय विश्लेषण कोण करतं, आणि मूळ डेटा तुमच्या हाती येईल की तयार तक्ते येतील, हेही विचारून घ्या.

आणि जमलं तर सत्र चालू असताना लॅब दाखवा म्हणा. चाचणीच्या जागा कशा असाव्यात यासाठी आयएसओ ८५८९ हे मानक आहे, पण ते पाठ करून जायची गरज नाही. नमुने तयार करायची खोली बूथपासून वेगळी आहे का? बूथच्या वाटेवर कॅन्टीनचा वास येतो का? कपांवर कोड कोण लिहितं, आणि तोच माणूस कप वाटायलाही जातो का? पॅनेलमधल्या माणसांना पाण्याची बाटली, दोन नमुन्यांमध्ये पुरेसा वेळ आणि बसायला नीट खुर्ची मिळते का? पॅनेलच्या खुर्च्या मोडक्या आणि मीटिंग रूम चकाचक असेल, तर त्या जागी रुजू होण्याआधी आणखी दोन ठिकाणी मुलाखत देऊन या.