बससाठी भांडायचंय: सहभागी अंदाजपत्रक की माहिती अधिकार?

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना प्रश्न पडलाय: थांब्याला शेड नाही, बसही कमी, अर्ज कुठला करायचा?

खर्चात फारसा फरक नाही. पुणे महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकात, म्हणजे नागरिकांनी सुचवलेली कामं बजेटमध्ये घेण्याच्या योजनेत, काम सुचवायला पैसे लागत नाहीत. माहिती अधिकाराला १० रुपये.

वेळेत मात्र मोठा फरक. सहभागी अंदाजपत्रकाचे अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात आणि मंजूर काम पुढच्या एप्रिलनंतरच्या वर्षात धरतात. माहिती अधिकाराचा अर्ज कधीही करता येतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर अपील. राज्याच्या नियमाप्रमाणे एकच विषय, १५० शब्दांत.

पण उत्तर म्हणजे काम नव्हे, हे लोक विसरतात! माहितीचा कागद घेऊन पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. तरीही पैशाचा प्रश्न असेल तिथे माहिती अधिकारच हवा. पीएमपीएमएलची, म्हणजे इथल्या बस चालवणाऱ्या कंपनीची, तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात भरतात. म्हणजे पैसा आपलाच, म्हणून आपल्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या आणि किती रद्द झाल्या, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

शेड, पदपथ, प्रभागातलं छोटं काम हवं असेल तर सहभागी अंदाजपत्रक. फेऱ्या वाढवून हव्या असतील तर आधी माहिती अधिकार, मग ते आकडे जोडून पीएमपीएमएलकडे निवेदन.